हात तंग आणि दारात पावतीपुस्तक

प्रश्न : मिस्टरांची नोकरी मार्चमध्ये गेली. सध्या माझ्या ३४,००० पगारावर चौघांचं चाललंय, त्यातले १३,००० घराच्या हप्त्याला जातात. नोकरी जायच्या थोडं आधी स्टेशनच्या पुलावर एका संस्थेच्या मुलाने थांबवलं. टॅबवर माझं नाव, खाते क्रमांक, डेबिट कार्ड, ओटीपी असं सगळं घेतलं. 'मॅडम, महिन्याला फक्त १,२००, शिवाय टॅक्स वाचतो' म्हणाला. आता दर ५ तारखेला ते पैसे कापले जातात. बंद करा सांगायला फोन केला की मुलांचं शिक्षण थांबेल म्हणतात आणि फोन आणखी कुणाकडे देतात. त्यात कुणाच्या तरी बाळाच्या ऑपरेशनसाठी म्हणून आठवड्यात तीन-चार फोन येतात. आणि आता गणपतीची वर्गणी. गेल्या वर्षी ५०१ दिले होते, यंदा पोरं १,००१ म्हणतायत. सासूबाई म्हणतात, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. मला तोंडावर नाही म्हणणं जमत नाही. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी ५ तारीख. बाकीचं सगळं नंतर.

घराचा हप्ता आणि ही देणगी एकाच खात्यातून जात असेल, तर धोका १,२०० रुपयांहून मोठा आहे. देणगी आधी वजा झाली आणि हप्त्याला दोनशे रुपये जरी कमी पडले, तरी बँक उरलेले पैसे घेत नाही, अख्खा हप्ता परत जातो. मग तुमच्या बँकेचा दंड, कर्ज देणाऱ्याचा दंड, आणि क्रेडिट स्कोअरवर डाग. म्हणून हे काम याच आठवड्यात उरका.

संस्थेला फोन करणं सोडून द्या. त्या नंबरवर बसलेल्या माणसाचं कामच मुळी सोडून जाणाऱ्याला थांबवणं हे असतं. तुम्ही पैसे कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, दिली आहे ती बँकेमार्फत, आणि ती बँकेतून काढून घेता येते. त्यासाठी संस्थेची संमती लागत नाही. शाखेतल्या कुणी 'आधी संस्थेकडून पत्र आणा' म्हटलं तर 'मँडेट माझं आहे, मी ते मागे घेतेय' एवढंच सांगा आणि अर्ज पुढे करा.

तुम्ही डेबिट कार्ड आणि ओटीपी दिलात, त्यावरून हे बहुधा ई-नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून ठरावीक तारखेला पैसे कापायची ऑनलाइन परवानगी, असावं. खात्री करायला पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये ५ तारखेची नोंद बघा. 'एसीएच' किंवा 'नॅच' अशी अक्षरं दिसली तर तेच. 'यूपीआय' दिसलं तर काम सोपं आहे : ज्या अ‍ॅपवरून मंजुरी दिली त्यातला ऑटोपे विभाग उघडा, संस्थेचं नाव शोधा, रद्द करा, पिन टाका, संपलं. थेट कार्डावर असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या ई-मँडेटची यादी असते, तिथून काढता येतं.

ई-नॅचसाठी आधी नेटबँकिंगमध्ये मँडेटचा विभाग आहे का बघा. बऱ्याच बँकांत आहे, काहींत नाही. नसेल तर शाखेत जा. प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा वीस अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. मँडेट नोंदलं तेव्हा बँकेकडून आलेल्या एसएमएसमध्ये किंवा ईमेलमध्ये तो सापडेल, नाहीतर काउंटरवर मागा. अर्ज असा लिहा :

'माझ्या खाते क्रमांक … मधून … या संस्थेच्या नावे दर महिन्याच्या ५ तारखेला १,२०० रुपये वजा करण्यासाठी दिलेलं मँडेट, यूएमआरएन …, मी आजपासून मागे घेत आहे. यापुढे या मँडेटखाली कोणतीही रक्कम वजा करू नये.'

खाली तारीख, सही, मोबाइल नंबर. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर शाखेचा शिक्का व तारीख घेऊन घरी ठेवा. हा शिक्का विसरू नका, पुढे सगळी भिस्त त्याच्यावरच आहे. वसुलीची यादी बँकेकडे ठरल्या तारखेच्या आधीच येते, त्यामुळे ४ तारखेला दिलेल्या अर्जाने त्या महिन्याची वजावट थांबेलच असं नाही. निदान आठवडाभर आधी जा. काही बँका यासाठी शुल्क लावतात, तेही विचारून घ्या.

त्याच दिवशी संस्थेला दोन ओळींचा ईमेल टाका : मँडेट बँकेतून रद्द केलं आहे, माझा नंबर व ईमेल तुमच्या यादीतून काढा. कारण लिहू नका. आधी गेलेले पैसे परत मागून बघायला हरकत नाही, पण तो हक्क नाही, तेव्हा एकदा विचारा आणि विषय सोडा.

अर्ज देऊनही पैसे कापले गेले, तर शिक्क्याची प्रत लावून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

एक जुगाड पुष्कळ जण करतात : ४ तारखेला खातं रिकामं करून ठेवायचं, म्हणजे वजावट आपोआप फसेल. तसं करू नका. परतीचा दंड ५०० असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात, मँडेट मात्र जिवंत राहतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दार वाजवतं. या प्रकारात फोनवरून 'वजावट फसवणं हा गुन्हा आहे' अशी भीतीही घातली जाते. खात्यात पैसे नसल्याने वजावट परत जाणं हा गुन्हा धरणारं कलम कायद्यात आहे खरं, पण ते कायदेशीर देणं चुकवण्याबद्दल आहे. दरमहा स्वखुशीने दिलेली देणगी हे कर्ज नव्हे.

आणि 'मँडेट आम्हीच रद्द करून देतो, आलेला ओटीपी सांगा' असा फोन आला तर सरळ कापा. रद्द करायला असा फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही. सांगून बसलात आणि पैसे गेले, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आता 'टॅक्स वाचतो' त्याबद्दल, कारण ही थाप पूर्ण खोटी नसते म्हणून जास्त चालते. वर्षाला १४,४०० रुपये. आयकर कायद्यातल्या देणगीच्या ८०जी कलमाखाली अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम, म्हणजे ७,२००, उत्पन्नातून वजा होते. करातून नव्हे, उत्पन्नातून. जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याचा कर त्याने सेससकट साधारण १,४९८ रुपयांनी कमी होतो. नव्या करपद्धतीत ८०जीची वजावटच नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न ४ लाख ८ हजार. त्यावर जुन्या पद्धतीतही कर शून्य, नव्यातही शून्य. जो कर तुम्हाला लागतच नाही, तो वाचणार कुठून? पुलावरच्या मुलाला हे ठाऊक असेलच असं नाही. ही मुलं अनेकदा संस्थेची नसून एजन्सीने नेमलेली असतात, दिवसाला अमुक इतक्या नोंदण्या आणा असं त्यांना सांगितलेलं असतं. म्हणूनच 'आत्ता शंभर रुपये घे' म्हटलं तरी त्यांना ते नको असतात. त्यांच्यावर राग धरू नका, पण टॅबला हातही लावू नका. 'माहितीपत्रक द्या, घरी वाचते' म्हणा आणि चालत राहा. थांबलात की अर्धं काम झालंच त्यांचं. पुढे कधी कुठल्याही मँडेटवर सही करायची वेळ आली, तर दोन रकाने बघा : कमाल रक्कम आणि अखेरची तारीख. कमाल रक्कम ठरलेल्या आकड्याहून कितीतरी मोठी आणि तारीख कित्येक वर्षं पुढची टाकलेली असते.

आता ऑपरेशनचे फोन. त्यांची चाल ओळखीची आहे. तुमचं नाव घेऊन सुरुवात, मग बाळाचं वय, आजार, 'आज संध्याकाळपर्यंत पैसे भरायचेत', आणि मग आकडा : ११,०००. तुम्ही हबकता. लगेच ५,१००. मग १,१००. शेवटी 'ताई, फूल ना फुलाची पाकळी, पाचशे तरी'. पहिला आकडा मिळावा म्हणून सांगितलेलाच नसतो, शेवटचा लहान वाटावा म्हणून सांगितलेला असतो.

तुम्ही म्हणता नाही म्हणता येत नाही. आमचा अंदाज वेगळा आहे : तुम्ही नाही म्हणता, पण त्याला कारण जोडता, आणि समोरचा ते कारणच धरून बसतो. 'सध्या जमत नाही' म्हटलं की रक्कम उतरते. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हटलं की पुढच्या महिन्याची तारीख टिपली जाते. 'मिस्टरांना विचारते' म्हटलं की मिस्टर कधी घरी असतात ते विचारतात. आणि मिस्टरांची नोकरी गेलीय हे सांगितलंत, तर 'देव तुमचंही भलं करेल, पण या बाळाकडे बघा' हे तयारच असतं. प्रत्येक कारणाचं उत्तर त्यांच्यासमोर कागदावर लिहिलेलं आहे. बिनकारणाच्या नकाराला उत्तर नाही. तेव्हा हे म्हणा :

'मी फोनवर देणगी देत नाही. माझा नंबर यादीतून काढा. ठेवते.'

आणि खरंच ठेवा. सॉरी नको, 'हो पण' ऐकायला थांबणं नको. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पहिले चार-पाच वेळा छातीत धडधडेल. वाक्य चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलंत तर वाचून दाखवता येईल, त्यात कमीपणा काही नाही. १९०९ वर डीएनडी, म्हणजे नको असलेले प्रचाराचे फोन बंद करायची मागणी, नोंदवून ठेवा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. देणगीचे बरेच फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून येतात, ते एकेक करून ब्लॉक करणं हेच जास्त उपयोगी.

कधी वाटलंच की ही हाक खरी असावी, तर पैशाआधी चार गोष्टी विचारा : रुग्णालय कोणतं, विभाग कोणता, रुग्ण कुठल्या नावाने दाखल आहे, खर्चाचा अंदाज रुग्णालयाच्या कागदावर आहे का. मग फोनवर दिलेला नंबर बाजूला ठेवून रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधा आणि तिथल्या समाजसेवा विभागाकडे चौकशी करा. क्यूआर कोड पाठवला असेल तर स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, पडद्यावर कुणाचं नाव येतं ते वाचा. रुग्णालयाऐवजी भलत्याच माणसाचं नाव असेल तर तिथेच थांबा. देणगी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर आणखी एक गंमत असते : तुमच्या रकमेवर त्यांची 'टिप' आधीच टिकमार्क करून ठेवलेली असते. ती शून्यावर आणता येते, फक्त शोधावी लागते.

खिशात पैसे नसतानाही गरजू कुटुंबाला देण्याजोगं काही तुमच्याकडे आहे : माहिती. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, फक्त उपचार योजनेच्या यादीतला आणि रुग्णालय योजनेशी जोडलेलं हवं. पलीकडे खरोखर आई-बाप असतील तर ते हे लिहून घेतील, उलट प्रश्न विचारतील. ज्याला फक्त आजची वसुली हवी आहे, तो विषय बदलतो.

वर्गणीचं प्रकरण मात्र फोनसारखं तोडून चालत नाही. ही पोरं तुमच्या गल्लीतली, उद्या तुमच्या मुलाबरोबर क्रिकेट खेळणारी. त्यांच्या हातात गेल्या वर्षीच्या पावत्यांच्या स्थळप्रती असतात, म्हणून तुमचे ५०१ त्यांना पाठ असतात, आणि 'काकू, आता महागाई किती वाढलीय' म्हणत आकडा दुप्पट होतो. महागाई काकूंनाही लागू आहे, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

वर्गणी ऐच्छिक असते. मंडळ नोंदणीकृत असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक असतो. नसेल तर वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. हे दारात भांडायला सांगत नाही, तुमच्या मनाला आधार म्हणून सांगतो.

करायचं ते असं. आकडा आजच ठरवा. तुमच्या परिस्थितीत १०१ पुष्कळ झाले, ५१ सुद्धा चालतील. ते पाकिटात घालून दाराजवळ ठेवा. पोरं आली की ती आकडा बोलायच्या आत तुम्ही बोला : 'या रे, यंदा एकशे एक लिही.' 'एकशे एक चालतील का?' असं विचारू नका. चालतील का म्हटलंत की घासाघीस सुरू. लिही म्हटलंत की पेन चालायला लागतं. पावती आणि स्थळप्रत दोन्हींवर आकडा तुमच्यासमोर भरू द्या, कार्बन नीट उमटलाय ना बघा. कोरी पावती 'नंतर भरतो' म्हणून घेऊ नका. या वर्षी लिहिलेले १०१ पुढच्या वर्षी त्यांच्या हातात असतील, म्हणजे बोलणी तिथून सुरू होतील, हा आणखी एक फायदा. पावतीपुस्तकच नसेल तर पैसे नाहीत, मग मागणारा कुणी का असेना.

पोरं अडून बसली तर त्यांच्याशी वाद न घालता मंडळाच्या खजिनदाराला किंवा एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला दुसऱ्या दिवशी दोघं मिळून भेटा आणि म्हणा, 'यंदा आमच्याकडून एवढंच.' बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर मिटतं, मोठ्यांना मंडळाचं नाव खराब झालेलं नको असतं. धमकी, गाडीची हवा सोडणं, रात्री दारात टोळकं उभं राहणं असं काही झालं तर मात्र ती वर्गणी राहिली नाही. ११२ वर फोन करा, पोलिसांत लेखी तक्रार द्या. धाक घालून पैसे उकळणं म्हणजे खंडणी, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये तिची तजवीज आहे. तक्रारीची प्रत ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयालाही द्या.

तुमच्या ऑफिसात निरोपाची, वाढदिवसाची पाकिटं फिरत असतील तर त्यांनाही हाच न्याय : ठरलेली छोटी नोट घाला, यादीत दुसऱ्यांचे आकडे वाचू नका.

सासूबाईंचं राहिलं. त्यांच्याशी तत्त्वावर वाद घालू नका, त्यांचं म्हणणं चुकीचं नाहीच. वर्षाचा आकडा त्यांच्यासमोर ठेवा : आत्ता आपण न ठरवता १४,४०० देतोय आणि वर हप्ता चुकायची धास्ती. त्याऐवजी महिन्याला १०० रुपये एका डब्यात टाकायचे आणि त्या डब्याच्या किल्लेदार सासूबाई. दारी कुणी आलं तर द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे त्या ठरवतील, डबा रिकामा असेल तर 'पुढच्या खेपेला' हेही त्याच सांगतील. ऋण काढून सण करणं त्यांनाही आवडत नसणार. मँडेटचा आकडा त्यांना आजवर माहीत नसेल तर आधी तो सांगा, घरात दडवलेली वजावट बाहेरच्या फोनपेक्षा जास्त त्रास देते.

रक्तदानाची सोय असेल आणि तब्येत साथ देत असेल, तर ते बिनपैशाचं दान आहेच : वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, आणि बायकांसाठी दोन दानांत चार महिन्यांचं अंतर.

मिस्टरांना नोकरी लागल्यावर पुन्हा एखाद्या संस्थेला नियमित द्यायचं मनात आलं, तर संस्था तुम्ही निवडा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने शोधता येतं. अशा संस्थांच्या क्रमांकाच्या आधी बहुधा ई किंवा एफ अक्षर असतं : एफ म्हणजे संस्था सोसायटी कायद्याखालीही नोंदलेली. पैसे वर्षातून एकदा, बँकेतून, त्यांच्या खात्यावर. रोख २,००० च्या वर दिलेल्या देणगीला ८०जी लागू होत नाही. आणि देणगीच्या पावतीशिवाय आर्थिक वर्ष संपल्यावर दहा-बीई नावाचं प्रमाणपत्र मागा, करात वजावट त्यावरच मिळते.

शाखेत जाताना पासबुक, आधार आणि अर्जाच्या दोन प्रती बरोबर असू द्या. ६ तारखेला सकाळी खातं तपासा. १,२०० ची नोंद दिसली तर त्याच दिवशी शिक्क्याची प्रत घेऊन पुन्हा शाखेत.